नवतप्यात टिकेल तो फोन

लाखाचा फोन घ्यायचा असेल तर पोरी, मे महिन्यात घे. दिवाळीच्या सेलमध्ये चार पैसे सुटतात हे मलाही ठाऊक आहे. पण कार्तिकातल्या गारव्यात कोणताही फोन शहाण्यासारखा वागतो. त्याचा खरा स्वभाव कळायचा तर नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले ते सगळ्यात तापते नऊ दिवस हवेत, दुपारचे दोन वाजलेले हवेत आणि डोक्यावर हिंगणघाटचं ऊन हवं. तू पुण्यात एसीच्या ऑफिसात बसतेस, तिथे फोनला काय धाड भरणार, असं तुला वाटेल. पण आपल्या घरची रीत तुला माहीत आहे. तीन-चार वर्षांनी तू नवा घेशील आणि हा तुझ्या आईकडे येईल. म्हणजे या फोनचं अर्धं आयुष्य इथे, कूलरच्या खोलीत आणि वणा नदीकाठच्या धुळीत जाणार आहे. मी सांगतो ते त्या अर्ध्या आयुष्यासाठी.

ज्यांच्या हाताखाली मी सोल्डरिंग शिकलो ते उस्ताद रेडिओच्या जमान्यातले. सेट दुरुस्तीला आला की पाठ उघडण्याआधी ते तो तासभर चालू ठेवायचे आणि खुशाल चहाला निघून जायचे. थंड सेट खोटं बोलतो, तापू दे त्याला, मग बोलेल, एवढंच म्हणायचे. सैल सोल्डर, थकलेला कंडेन्सर, असल्या गोष्टी गरम झाल्यावरच उघड्या पडतात. रेडिओ गेले, पिक्चर ट्यूबचे टीव्ही गेले, दुकानाच्या टेबलावर आता नुसते मोबाइल असतात. उस्तादांचा नियम मात्र मी सोडला नाही. तूही तोच धर.

शोरूममध्ये नेमका उलटा प्रकार असतो. थंडगार हवा, वरून नेमका प्रकाश, आणि फोनवर कंपनीनेच तयार केलेला फुलपाखरांचा व्हिडिओ. तिथे वाईट दिसणारी स्क्रीन बनवणं ही कलाच म्हणावी लागेल. डब्यावर ‘पीक ब्राइटनेस’ म्हणून दोन हजार, अडीच हजार, साडेचार हजार निट्स लिहिलेले असतात. हा आकडा बहुतेक वेळा स्क्रीनच्या एका लहानशा तुकड्यावर, थोड्या वेळापुरता मिळालेला असतो. ॲपल निदान आकडे वेगवेगळे सांगते. आयफोन १५ प्रोला रोजच्या वापरात १००० निट्स, एचडीआर व्हिडिओत १६०० आणि बाहेर उन्हात २०००. दुसऱ्या कुठल्या फोनबद्दल विचारायचं झालं तर हेच विचार: पूर्ण पांढरं पान उघडलं तर उन्हात किती? विक्रेत्याला उत्तर येणार नाही, पण चांगल्या परीक्षणात ते मोजलेलं असतं.

नुसता उजेड वाढवून भागत नाही. काचेवर पडणारं आपल्याच तोंडाचं प्रतिबिंब कमी झालं तर कमी निट्समध्येही अक्षर वाचता येतं. २०२४ च्या गॅलक्सी एस२४ अल्ट्राला कॉर्निंगने जी काच दिली ती प्रतिबिंब ७५ टक्क्यांपर्यंत कमी करते, असा त्यांचा दावा आहे. टक्के राहू दे. दोन फोन बंद करून ट्यूबलाइटखाली शेजारी ठेव आणि कोणत्या काचेत ट्यूब जास्त लख्ख दिसते ते पाहा. एवढी परीक्षा शोरूममध्येही होते.

आता ऊन. शोरूमचा फोन साखळीला बांधलेला असतो, तो काही दाराबाहेर येत नाही. म्हणून ज्याच्याकडे तो फोन आधीच आहे त्याला गाठायचं. माझ्यापुरतं मी एक ठरवून टाकलंय: बाजार समितीच्या आवारात सकाळपासून उन्हात फिरणारा अडत्या हा सगळ्यात खरा परीक्षक. त्याला फोनवर भाव पाहायचे असतात, फोटो पाठवायचे असतात, पन्नास जणांशी बोलायचं असतं. त्याला विचार, दुपारी स्क्रीन आपोआप काळवंडते का? कॅमेरा उघडला की ‘फोन गरम झाला आहे’ अशी पाटी येते का? चार्जिंग मध्येच थांबतं का? फोन तापला की स्वतःला वाचवण्यासाठी उजेड कमी करतो, वेग कमी करतो, चार्जिंग रोखतो. म्हणजे ज्या उन्हासाठी तू दोन हजार निट्सचे पैसे मोजलेस, त्याच उन्हात ते दोन हजार पळून जातात.

आणि हे कंपन्यांना माहीत नाही असं नाही. आयफोन ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरावा आणि बंद ठेवला तरी ४५ अंशांच्या वर ठेवू नये, असं ॲपल स्वतःच सांगते. त्यांच्या हिशेबाने वर्धा जिल्ह्याचा अख्खा एप्रिल आणि मे वापराबाहेरच आहे. आपल्याकडे पारा सावलीत पंचेचाळीस गाठतो. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डची तर गोष्टच सोड.

म्हणून प्रोसेसर किती वेगवान यापेक्षा, तो तापल्यावर किती वेगवान राहतो ते पाहा. कापसाच्या गाडीवर वरचा थर नेहमीच पांढराशुभ्र असतो. जाणता खरेदीदार हात कोपरापर्यंत आत घालून ओल पाहतो. फोनच्या परीक्षणात पहिल्या मिनिटाचा स्कोअर म्हणजे तो वरचा थर. हात आत घालायचा असेल तर ‘थ्रीडीमार्क’ची स्ट्रेस टेस्ट शोध. त्यात एकच जड चाचणी सलग वीस वेळा चालते आणि शेवटी स्थिरतेची टक्केवारी येते. नव्वदच्या वर असेल तर उत्तम. पंचावन्न-साठ असेल तर थोड्याच वेळात तो फोन निम्म्या ताकदीवर येतो, मग चिपचं नाव कितीही मोठं असो.

स्कोअरवर का विसंबायचं नाही याचा एक किस्सा जगजाहीर आहे. २०२२ च्या मार्चमध्ये उघड झालं की सॅमसंगच्या महागड्या फोनमधली एक यंत्रणा गेमचा आणि इतर पुष्कळ ॲपचा वेग मुद्दाम रोखत होती, पण वेग मोजणाऱ्या ॲपना मात्र हात लावत नव्हती. ‘गीकबेंच’ने मग एस१० पासून एस२२ पर्यंतचे फोन आपल्या यादीतून काढून टाकले. फोन तापू नये म्हणून वेग रोखण्यात काही पाप नाही. परीक्षकासमोर वेगळं आणि गिऱ्हाइकासमोर वेगळं वागण्यात आहे.

धातूच्या दिसण्यावरही जाऊ नको. २०२३ साली टायटॅनियमचा आयफोन १५ प्रो आला आणि पहिल्याच आठवड्यांत तो फार तापतो अशी ओरड झाली. ॲपलने सॉफ्टवेअरमधला दोष मान्य करून दुरुस्ती पाठवली. पण टायटॅनियम दिसायला कितीही देखणं असलं तरी उष्णता वाहून नेण्यात ते ॲल्युमिनियमच्या पासंगालाही पुरत नाही. दोनच वर्षांनी आयफोन १७ प्रोला परत ॲल्युमिनियम आलं आणि आत उष्णता पसरवणारी व्हेपर चेंबरही आली. पुण्याच्या कॅफेत टायटॅनियम छान दिसत असेल. इकडे ॲल्युमिनियम बरं.

यूट्यूबवरचा अमेरिकन पोरगा ज्या फोनचं कौतुक करतो तोच फोन तुला मिळेल, हेही गृहीत धरू नको. गॅलक्सी एस२४ अमेरिकेत स्नॅपड्रॅगन चिपवर आला आणि भारतात त्याच नावाने एक्झिनॉसवर. अल्ट्राला मात्र सगळीकडे स्नॅपड्रॅगन. एस२३ च्या १२८ जीबीच्या नगात जुनी, हळू यूएफएस ३.१ मेमरी होती. २५६ जीबीच्या नगात नवी ४.०. पाटी एक, माल दोन. यूएसबी-सीच्या भोकाचंही तसंच. आयफोन १५ आणि १५ प्रो, दोघांचं भोक सारखं. पण साध्या १५ मधून फाइल जाते ती जुन्या यूएसबी २ च्या वेगाने, सेकंदाला ४८० मेगाबिट, आणि प्रोमधून १० गिगाबिटने. तू व्हिडिओ लॅपटॉपवर घेत असशील तर हा फरक रोज जाणवेल. नसशील तर त्याचे पैसे कशाला द्यायचे? परीक्षण वाचताना मॉडेल क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत जुळव. आणि सगळ्यात लहान मेमरीचा नग घेऊ नको. कार्ड घालायची सोय महागड्या फोनमधून केव्हाच गेली, आणि सात वर्षांत आईचे सुप्रभातचे फोटो किती जमतील याचा अंदाज मला आहे. ‘आठ अधिक आठ जीबी रॅम’ लिहिलेलं असेल तर दुसरे आठ विसर. ती साठवणुकीतून उसनी घेतलेली जागा असते आणि तिचा वेग रॅमचा नसतो.

कॅमेऱ्यावर मात्र जरा बसून बोलू, कारण पैसा तिथेच जातो आणि फसवणूकही तिथेच होते.

दोनशे मेगापिक्सेलचा फोन रोजचा फोटो साधारण साडेबारा मेगापिक्सेलचाच काढतो. सोळा बारीक ठिपके एकत्र करून त्यांचा एक मोठा ठिपका बनवतो, म्हणजे अंधारात प्रकाश जास्त मिळतो. यात लबाडी नाही, तंत्रच तसं आहे. पण मग दोनशेच्या आकड्याला भुलायचं कारण उरत नाही. पाहायचा तो सेन्सरचा आकार आणि लेन्सला हात हलणं सावरणारी ओआयएस आहे की नाही. ‘एक इंच’ सेन्सर म्हणतात त्याचा कर्णसुद्धा सुमारे १६ मिलिमीटर असतो, ते मापच जुन्या व्हिडिओ ट्यूबच्या काळातलं आहे. तरी फोनमध्ये तो मोठाच.

झूमची परीक्षा बोटाने होते. कॅमेरा तीन किंवा पाच पटींवर ठेव आणि मागच्या झूमच्या लेन्सवर बोट दाब. चित्र काळं झालं तर ती लेन्स खरंच काम करते आहे. झालं नाही तर फोन मुख्य लेन्सचंच चित्र कापून मोठं करून दाखवतो आहे. उजेडात हे करून पाहा आणि मग काउंटरच्या खालच्या अंधारात. पुष्कळ महागडे फोन अंधारात गुपचूप झूमची लेन्स सोडून देतात. विक्रेता जरा विचित्र नजरेने पाहील. पाहू दे.

चंद्राचा फोटो दाखवून कोणी फोन विकायला लागला तर हसून पुढे जा. २०२३ मध्ये एकाने चंद्राचा मुद्दाम अस्पष्ट केलेला फोटो कॉम्प्युटरच्या पडद्यावर लावला, खोलीत अंधार केला आणि सॅमसंगच्या फोनने त्याचा फोटो काढला. फोनने त्यात मूळ चित्रात नसलेले खड्डे आणि डाग भरून दिले. चंद्र सगळ्यांना सारखाच दिसतो, म्हणून ते खपून गेलं. पण वावरातल्या पराटीच्या पानावरची कीड कोणती, हे ओळखायला फोटो कृषी सहायकाला पाठवायचा असेल, तर मशीनने मनाने भरलेला तपशील काय कामाचा? फोटो काढल्यावर तो पूर्ण मोठा करून पाहा. पानाच्या शिरा शिरांसारख्या दिसतात की रंगवल्यासारख्या, ते तुला कळेल.

माझी कॅमेऱ्याची परीक्षा दोनच गोष्टींची. एक, संध्याकाळी घरातल्या बल्बखाली पळणारं पोर. बटण दाबल्यावर पोर जिथे होतं तिथेच फोटोत सापडलं पाहिजे. दुसरी, लग्नाच्या मांडवात पिवळ्या-निळ्या लायटिंगखाली बसलेली सावळी माणसं. त्यांचा रंग फोटोत उजळून निघाला तर तो कॅमेरा चांगला नव्हे, खोटारडा. तिसरी-चौथी म्हणून जोडलेली दोन मेगापिक्सेलची मॅक्रो लेन्स कोणत्याही फोनला असली तरी ती मोजूच नको.

पाण्याचं थोडक्यात. आयपी६८ ही चाचणी नव्या फोनवर, स्वच्छ पाण्यात, प्रयोगशाळेत होते, आणि किती खोल ते कंपनीच ठरवते. सॅमसंग दीड मीटर अर्धा तास म्हणते, ॲपल सहा मीटर अर्धा तास. दोघांच्याही वॉरंटीत पाण्याने झालेलं नुकसान बसत नाही. फोन एकदा दुरुस्तीला उघडला की आतली गोंदाची पट्टी पहिल्यासारखी बसेलच असं नाही, हे मी स्वतः फोन उघडणारा माणूस म्हणून सांगतो. पावसात भिजला तर ठीक. वणेच्या पुराचं पाणी ही वेगळी गोष्ट आहे. इकडचा रोजचा शत्रू पाणी नाहीच, तो कापूस आहे. जिनिंगच्या हंगामात हवेतले तंतू चार्जिंगच्या भोकात जाऊन दाबले जातात. लोक दुकानात येतात, म्हणतात पोर्ट गेलं. दहांत निम्म्या वेळा फोन बंद करून लाकडी टूथपिकने ती वात बाहेर काढली की काम होतं. सुई घालायची नाही. आणि काच कितीही नावाजलेली असो, वणेच्या रेतीतला गारगोटीचा कण तिच्याहून कठीण असतो. दुपट्ट्याच्या टोकाने स्क्रीन पुसायची सवय आधी मोड.

नेटवर्कबद्दल पुण्यात कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. ५जी ऑक्टोबर २०२२ पासून आलं, पण सगळं ५जी एका पट्ट्यावर चालत नाही. जिओने ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा देशभरासाठी घेतला. तो दूर जातो आणि भिंतीतूनही शिरतो. फोनच्या माहितीत त्याचं नाव एन२८ असतं. ते यादीत आहे का पाहा. समुद्रपूरकडच्या वावरात उभं राहिलं की हे कळतं. तुझा चुलतभाऊ न्यू जर्सीहून स्वस्तात आयफोन आणतो म्हणाला ना? अमेरिकेतल्या आयफोनला २०२२ च्या १४ पासून सिम घालायची जागाच नाही, सगळं ई-सिमवर. तुला चालेल. पण आईचा फोन कधी बिघडला तर सिम काढून जुन्या फोनमध्ये घालणं हा तिचा एकमेव उपाय असतो, तो बंद होईल.

आता तिच्याच बाजूने काही. ती येईल तेव्हा तिचं बोट घेऊन दुकानात जा. आयुष्यभर भांडी घासून आणि चुलीशी काम करून रेषा झिजल्या की बोटाचा ठसा ओळखणारा साधा ऑप्टिकल सेन्सर रुसतो. अल्ट्रासॉनिक जरा समजूतदार असतो, ओल्या बोटालाही. पण त्यावर जाड काचेचा गार्ड लावलास तर तोही आंधळा. वजन हातात धरून पाहा. एस२४ अल्ट्रा २३२ ग्रॅमचा, आणि ती पडल्या पडल्या नाकावर फोन धरून कीर्तन ऐकते. रात्री कमी उजेडात तिला डोकं दुखायची सवय आहे, म्हणून स्क्रीन मंद करून दुसऱ्या फोनच्या स्लो मोशनमध्ये त्या स्क्रीनचा व्हिडिओ घे. जाड काळे पट्टे सरकताना दिसले तर ती स्क्रीन फार लुकलुकते.

बॅटरीचा एमएएच पाहतात सगळे, आयुष्य कोणी पाहत नाही. आयफोन १५ पासून ॲपल म्हणते की आदर्श परिस्थितीत १००० वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर ८० टक्के क्षमता राहते. आधीच्या फोनना ते ५०० म्हणत. आदर्श परिस्थिती म्हणजे आपला मे नव्हे. ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय सेटिंगमध्ये आहे का पाहा, आणि असेल तर पहिल्या दिवसापासून लाव. २० जून २०२५ पासून युरोपात नव्याने बाजारात येणाऱ्या प्रत्येक स्मार्टफोनला एक लेबल सक्तीचं झालं आहे. त्यावर बॅटरी किती चक्रं टिकते, पडल्यावर काय होतं, दुरुस्ती किती सोपी, हे सगळं अक्षरांत आणि आकड्यांत येतं. तोच फोन तिकडे विकला जात असेल तर नेटवर ते लेबल सापडतं. कंपनीच्या जाहिरातीपेक्षा मी त्यावर जास्त विश्वास ठेवीन. अपडेटचंही तसंच विचार. पिक्सेल ८ आणि एस२४ पासून गूगल आणि सॅमसंगने सात वर्षांचा शब्द दिला. तुझी चार आणि आईची तीन, असा माझा हिशेब. ती तीन वर्षं अपडेटशिवाय गेली तर बँकेचं ॲप एक दिवस चालायचं नाकारेल आणि ती मला फोन करेल.

घेण्याआधी एका गोष्टीची किंमत विचारायची, फोनची नव्हे, त्याच्या स्क्रीनची. अधिकृत सेवा केंद्रात, वॉरंटीबाहेर, किती? महागड्या फोनची स्क्रीन कधीकधी एका बऱ्या फोनच्या किमतीत येते. अमोलेडवर अचानक येणाऱ्या हिरव्या उभ्या रेषेची तक्रार गेल्या काही वर्षांत इतकी झाली की काही कंपन्यांना भारतात स्क्रीन मोफत बदलून द्यायच्या योजना काढाव्या लागल्या. तुझ्या मॉडेलला अशी योजना आहे का, हे आधी वाच. मग ते सेवा केंद्र कुठे आहे ते पाहा. इथून नागपूर जांबमार्गे पाऊणशे किलोमीटर. आईला तेवढ्यासाठी दोनदा बसने धाडायचं असेल तर थोडा कमी झगमगीत फोन परवडला.

पैसे देताना दुकानातच *#०६# दाबून पंधरा आकडी आयएमईआय काढ आणि डब्यावरच्या व बिलावरच्या आकड्याशी जुळव. डबा फोडण्याआधी डब्यावरचा आकडा संदेशाने तपासता येतो: इंग्रजीत केवायएम, जागा सोडून आयएमईआय, आणि १४४२२ ला पाठव. दूरसंचार खात्याचं उत्तर येतं. नवीन म्हणून दिलेला फोन आधीच वापरात असलेला निघाला तर तिथेच बोलता येतं. घरी आल्यावर पहिला दिवस फोन कामाला जुंप. तासभर व्हिडिओ काढ, नकाशा लाव, चार्जिंगला लावून गाणी चालू ठेव. उस्ताद चहाला जायचे, तू पाहिजे तर कॉफी पी. बदलून मिळण्याची मुदत दुकानागणिक वेगळी असते, काही ठिकाणी अगदी थोडी. जे काय बोलायचं ते त्यातच बोललं पाहिजे.

रंग तुला आवडेल तो घे. त्यात मी पडत नाही, तू कव्हर घालशीलच.